उशिरा आलेली तबकडी

इन्स्टाग्रामवर ‘शूगेझ’ शोधलंत तर एक फोटो हमखास दिसतो. मंद दिवा, फिरणारी काळी रेकॉर्ड आणि शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं गुलाबी कव्हर. कव्हरवर गिटार आहे की गुलाबी धूर, हे क्षणभर कळत नाही. ते ‘लवलेस’चं कव्हर. माय ब्लडी व्हॅलेंटाईन या बँडचा हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने काढला. फोटो बघून वाटतं, त्या काळातली पोरं हे संगीत असंच ऐकत असणार, आणि आपण आज रेकॉर्ड विकत घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन बसतोय.

तसं नव्हतं. सीडी १९८२ मध्ये जपानात आली, पुढच्या वर्षी युरोपात पोचली. १९९१ पर्यंत ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांनी एलपीचे रॅक काढून तिथे सीडीचे रॅक लावायला घेतले होते. खिशात वॉकमन होता आणि त्यात कॅसेट. लहान लेबलं एलपी छापत होती, पण हे माध्यम मरणपंथाला लागलंय हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे शूगेझ जन्माला आलं तेव्हा रेकॉर्ड आयसीयूत होती, आणि दोन-चार वर्षांत शूगेझही तिच्या शेजारच्या खाटेवर जाऊन पडलं. आज दोघं हातात हात घालून फिरताना दिसतात. ही जोडी नंतर जुळली. ती जुळवली ऐकणाऱ्यांनी, आणि त्यांतल्या बहुतेकांचा १९९१ शी काही संबंध नव्हता.

आधी नावाचं बघू, कारण नावातच अपमान आहे. शूगेझ म्हणजे बुटांकडे टक लावून बघणं. मूस नावाच्या बँडचा गायक गाण्याचे शब्द स्टेजच्या जमिनीवर चिकटवायचा आणि खाली बघून वाचायचा. त्यावरून ही टिंगल सुरू झाली आणि ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी ती उचलून धरली. बाकीचे बँड खाली बघायचे त्याचं कारण साधं होतं: पायाशी पेडलं. पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडलेली डबी. पायाने दाबली की आवाज फाटतो, घुमतो, लांबतो. एकेकाच्या पायाशी अशा डब्यांची रांग असायची. खाली बघितलं नाही तर भलतंच बटण दाबलं जाणार. रॉक गायकाने प्रेक्षकांच्या डोळ्यात बघायला हवं, उड्या मारायला हव्यात, अशी अपेक्षा असताना ही पोरंपोरी केस चेहऱ्यावर घेऊन उभी राहायची. पोरी हे मुद्दाम म्हटलं. माय ब्लडी व्हॅलेंटाईनमध्ये बिलिंडा बुचर आणि डेबी गूज, स्लोडाइव्हमध्ये रेचल गॉसवेल, लशमध्ये मिकी बेरेन्यी आणि एमा अँडरसन. त्या वेळच्या गिटारच्या संगीतात इतक्या बायका एकत्र दिसणं नेहमीचं नव्हतं.

कुठून आलं हे सगळं? जीझस अँड मेरी चेनने १९८५ च्या ‘सायकोकँडी’मध्ये गोड चाली कर्कश फीडबॅकमध्ये बुडवल्या होत्या. कॉक्टो ट्विन्सने शब्दांचा अर्थ जवळजवळ सोडून देऊन आवाजाचाच रंग करायचा मार्ग दाखवला होता. माय ब्लडी व्हॅलेंटाईनने १९८८ च्या ‘इझन्ट एनिथिंग’मध्ये या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. मग ऑक्सफर्डचा राइड १९९० मध्ये ‘नोव्हेअर’ घेऊन आला. कव्हरवर फक्त एक निळी लाट, ना बँडचा फोटो ना मोठं नाव. रेडिंगहून स्लोडाइव्ह आला. वर्ष-दीड वर्ष साप्ताहिकांनी यांना डोक्यावर घेतलं.

आणि मग आपटलं. ‘लवलेस’च्या सहा आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९९१ ला, निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला होता. त्या रांगड्या आवाजापुढे हे धूसर संगीत लाडावलेलं वाटू लागलं. ही मुलं मध्यमवर्गीय उपनगरांतली, यांना कसला राग नाही, कसलं दुःख नाही, असा आरोप होऊ लागला. मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सचा रिची एडवर्ड्स तर म्हणाला की आम्हाला स्लोडाइव्हचा हिटलरपेक्षा जास्त तिटकारा आहे. स्लोडाइव्हचा दुसरा अल्बम ‘सुव्लाकी’ १९९३ मध्ये आला तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं की हा पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं बरं. हा तोच अल्बम, ज्यातली ‘अ‍ॅलिसन’ आणि ‘व्हेन द सन हिट्स’ आज विशीतल्या मुलांच्या प्लेलिस्टमध्ये असतात. त्यातल्या दोन गाण्यांवर ब्रायन ईनोने काम केलं होतं. तेव्हा तो ब्रिटनच्या यादीत ५१ व्या क्रमांकापर्यंत पोचला.

क्रिएशनचा मालक अ‍ॅलन मॅगी याने १९९३ मध्ये ग्लासगोच्या एका क्लबमध्ये ओएसिस ऐकला आणि लेबलचं भविष्य बदललं. त्याच्या आदल्या वर्षी सोनीने क्रिएशनचा ४९ टक्के हिस्सा घेतला होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये स्लोडाइव्हचा ‘पिग्मॅलियन’ निघाला: जवळजवळ रिकामा, ढोल-गिटारचा सांगाडा तेवढा उरलेला, फार सुंदर अल्बम. आठवड्याभरात लेबलने बँडला काढून टाकलं. जिथे जाहिरातच झाली नाही तिथे प्रती किती खपणार? पुढे त्या वर्षीच्या मूळ एलपीसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजू लागले. त्या पैशातला एक पेनीही बँडला मिळत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. जुन्या रेकॉर्डचा बाजार कलावंताचा नसतो, साठेबाजाचा असतो.

आता ‘लवलेस’कडे येऊ, कारण रेकॉर्ड आणि शूगेझ यांचं नातं खऱ्या अर्थाने समजून घ्यायचं तर याच अल्बमपाशी थांबावं लागतं.

फेब्रुवारी १९८९ मध्ये बँड लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत गेला तेव्हा क्रिएशनला वाटलं होतं, पाच दिवसांत काम आटपेल. संपायला १९९१ चा सप्टेंबर उजाडला. दरम्यान १९ स्टुडिओ बदलले. केव्हिन शील्ड्स हा बँडचा गिटारवादक, गायक, निर्माता, सगळंच. त्याला बहुतेक स्टुडिओंत काहीतरी खटकायचं. सोबत काम केलेल्या इंजिनिअरांची नावं श्रेयनामावलीत भली मोठी आहेत, पण शील्ड्सच्या म्हणण्यानुसार त्यांतल्या काहींनी फक्त चहा केला होता. बुचरची गाणी बऱ्याचदा सकाळी रेकॉर्ड व्हायची, नुकती झोप लागलेली असताना तिला उठवून. त्या आवाजातली पेंग नाटकी नाही, ती खरी पेंग आहे. ड्रमर कोल्म ओ’किओसिग आजारी होता. म्हणून त्याचे ठोके सॅम्पल करून जोडले गेले. खर्च अडीच लाख पौंड झाला, लेबल बुडायला आलं, ही कथा मॅगीने जगभर पसरवली. शील्ड्स हा आकडा फुगवलेला आहे असं सांगत आला. बँडला मात्र क्रिएशन सोडावं लागलं.

या संगीताविषयी एक गैरसमज घट्ट बसलाय: शेकडो गिटारी एकावर एक रचल्यात, डझनभर पेडलं लावलीत. प्रत्यक्षात बरीचशी जादू एका लोखंडी दांडीची आहे. फेंडर जॅझमास्टर गिटारला ट्रेमोलो आर्म म्हणून दांडी असते. ती हलवली की तारांचा ताण आणि सूर वरखाली होतो. बाकीचे वादक सूर छेडून मग दांडी हलवतात. शील्ड्स दांडी मुठीत धरूनच तारा छेडायचा. त्यामुळे अख्खा कॉर्ड सतत किंचित चढत-उतरत राहतो, कुठल्याच सुरावर पाय ठेवत नाही. आपल्याकडच्या कानाला हे ओळखीचं वाटावं. मींड एका सुरावरून दुसऱ्यावर घसरते. इथे सहाही तारा एकत्र घसरतात, आणि नेमक्या कुठे चालल्यात ते सांगत नाहीत. त्यावर उलट्या दिशेने वाजणाऱ्या प्रतिध्वनीचा एक परिणाम. ध्वनी आधी फुगतो, मग गाठतो. बस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे बहुतांशी मोनो आहे. डाव्या-उजव्या कानात आवाज पसरवून भव्य वाटवायचा सोपा मार्ग शील्ड्सने टाळला. त्याला गिटार अगदी मधोमध हवी होती.

हे ‘मधोमध’ रेकॉर्डच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. ते का, हे कळायला खोबणीत उतरू. एलपीची खोबण म्हणजे कापलेली नागमोडी वाट. डावा आणि उजवा आवाज सारखाच असेल तर पिन फक्त आडवी हलते. दोन्ही बाजू वेगळ्या असतील, विशेषतः खर्जात, तर पिन वरखाली होऊ लागते, आणि फार झाली तर उडी मारते. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज मध्ये आणतात. मधोमध उभं असलेलं ‘लवलेस’ इथे निवांत बसतं.

पण बाकी बाबतीत ते तबकडीच्या नरड्यावर बसतं. अल्बम साधारण साडेअठ्ठेचाळीस मिनिटांचा. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं असली तर खोबणी ऐसपैस मावतात. इथे पहिली बाजू तेवीस मिनिटांची आणि दुसरी पंचवीसच्या वर. मिनिटं वाढली की खोबणी दाटीवाटीने बसवाव्या लागतात, आणि त्यासाठी आवाज हळू कापावा लागतो. आवाज हळू झाला की पृष्ठभागाची खरखर वर येते. दुसरी अडचण भूमितीची. रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला त्या वेळात पिनेखालून सुमारे ९२ सेंटिमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाला जेमतेम ३८. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. त्यामुळे बाजूचं शेवटचं गाणं जरा चुरगळलेलं ऐकू येतं. ‘लवलेस’चं शेवटचं गाणं ‘सून’, जवळजवळ सात मिनिटांचं, नाचायला लावणाऱ्या ठेक्याचं. नेमकं ते सगळ्यात अरुंद गल्लीत येतं. शिवाय शील्ड्सने गाण्यांच्या मध्ये छोटे वाद्यतुकडे घालून अल्बम सलग विणलाय. सहाव्या गाण्यानंतर उठून रेकॉर्ड पालटावी लागते, तिथे वीण तुटते. खरं सांगायचं तर एकसंध ऐकायला सीडी जास्त सोयीची होती.

मग शील्ड्सने रेकॉर्डसाठी एवढा जीव का टाकला?

कारण त्याला टेपवर जे ऐकू आलं होतं ते नंतर कुठेच तसं ऐकू येत नव्हतं. १९९१ मध्येच मास्टरिंग करताना वापरलेल्या जुन्या यंत्राने अख्ख्या अल्बमचा फेज बिघडवला होता. शील्ड्सने तो आठवणीतून पुन्हा जुळवला. एका दिवसाचं काम तेरा दिवस चाललं, आणि लेबलने कपाळावर हात मारला. पुढे २०१२ मध्ये नव्या मास्टरच्या सीड्या निघाल्या. २०१३ मध्ये बँडने स्वतःच ‘एम बी व्ही’ काढला तेव्हा त्याची एलपी कुठलीही डिजिटल प्रक्रिया न वापरता कापली. आणि मग २०१७ च्या अखेरीस जाहीर होऊन २०१८ च्या जानेवारीत ‘इझन्ट एनिथिंग’ आणि ‘लवलेस’ पहिल्यांदा पूर्ण अ‍ॅनलॉग पद्धतीने कापलेल्या रेकॉर्डवर लोकांच्या हाती आले. थेट मूळ अर्धा इंची टेपवरून.

‘पूर्ण अ‍ॅनलॉग’ हे जाहिरातीतलं पोकळ विशेषण वाटेल, म्हणून थोडं खोलात जातो. खोबण कापणाऱ्या लेथला पुढे काय येतंय ते आधी कळावं लागतं. मोठा आवाज येणार असेल तर शेजारच्या खोबणीपासून लांब सरकायचं, शांत भाग असेल तर जवळ. त्यासाठी टेपमशीनवर दोन हेड असतात: एक आधी वाचून लेथला इशारा देतो, आणि टेप जरा लांबचा रस्ता फिरून दुसऱ्या हेडशी पोचते तेव्हा प्रत्यक्ष कापणी होते. ऐंशीच्या दशकापासून पुष्कळ स्टुडिओंनी हा लांबचा रस्ता काढून टाकला. इशारा थेट टेपवरून, आणि कापायचा आवाज मात्र डिजिटल यंत्रात क्षणभर अडवून मग पुढे सोडायचा. म्हणजे अ‍ॅनलॉग टेप, अ‍ॅनलॉग रेकॉर्ड, आणि मध्ये गुपचूप शून्य-एकची खिंड. ‘जुनी रेकॉर्ड म्हणजे शुद्ध’ असं मानणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. शील्ड्सला ती खिंड नको होती.

हा फरक ऐकू येतो का? दुकानात, चांगल्या संचावर, मला गिटारच्या कडा मऊ वाटल्या. कॉलेजातल्या पोराच्या ब्लूटूथ स्पीकरच्या टर्नटेबलवर काही फरक पडायचा नाही, कारण तो टर्नटेबल आवाज पुन्हा डिजिटल करूनच स्पीकरकडे धाडतो. पण मला प्रश्न ऐकू येण्याचा वाटत नाही. ज्या माणसाला लेबलने, बाजाराने ‘पुरे झालं’ असं सांगितलं होतं, त्याने सव्वीस वर्षांनी तेच काम स्वतःच्या अटींवर पुरं केलं. आणि ते विकत घ्यायला माणसं रांगेत होती.

ही माणसं आली कुठून? १९९५ ते २००५ हा काळ बघा. साप्ताहिकं गप्प, रेडिओ गप्प. पण फाइली फिरत होत्या. अमेरिकेत, जपानात, जर्मनीत कुणीतरी एमपीथ्री उतरवत होतं. २००२ मध्ये मॉर म्युझिक या जर्मन लेबलने स्लोडाइव्हच्या गाण्यांवर आधारित एक आख्खा संग्रह काढला. सात वर्षांपूर्वी हाकललेल्या बँडचा सन्मान, तोही इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या पोरांकडून. २००३ मध्ये सोफिया कोपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’मध्ये रात्रीच्या टोकियोवर ‘लवलेस’मधलं ‘समटाइम्स’ वाजलं. २००८ मध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाईन पुन्हा स्टेजवर आला. आवाज इतका की दारात कानात घालायचे बोळे फुकट वाटले गेले. २०१४ मध्ये स्लोडाइव्हही परतला. म्हणजे शूगेझ वाचवलं ते आधी चोरट्या एमपीथ्रीने. रेकॉर्ड त्यानंतर आली. हे क्रमाने सांगायला हवं, नाहीतर रेकॉर्डवाले सगळं श्रेय घेऊन जातील.

रेकॉर्डचं पुनरागमन याच सुमाराला सुरू झालं. ब्रिटनमध्ये २००७ साली वर्षभरात जेमतेम दोन लाख एलपी खपल्या होत्या. २०२३ मध्ये ५९ लाख. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीड्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच नगांच्या हिशेबात रेकॉर्डने सीडीला मागे टाकलं. हा डोलारा किती नाजूक आहे ते फेब्रुवारी २०२० मध्ये कळलं. कॅलिफोर्नियातला एक कारखाना जळाला आणि खोबण कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकरच्या कोऱ्या चकत्या बनवणारा जगात एकच कारखाना उरला, जपानमध्ये. लॅकर हा शब्द मुळात आपल्या ‘लाख’वरून गेलेला. आजच्या चकत्यांवर रासायनिक लेप असतो, पण आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डमध्ये खरोखर लाख होती, आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा भारतातल्या जंगलांतून जायचा.

आपल्याकडे शूगेझ तेव्हा पोचलंच नाही म्हटलं तरी चालेल. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला आणि घराघरात लांब केसांचे गिटारवाले दिसू लागले. पण बुटांकडे बघणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. रेकॉर्ड तर इथे कॅसेटने आधीच गिळली होती. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. गंमत बघा, बाहेर रेकॉर्डची दुकानं पुन्हा उघडत होती तेव्हा. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापणारा कारखाना उभा राहिला, कित्येक दशकांनी देशात पुन्हा. तरी परदेशी लेबलची एलपी अजून तीन-चार हजारांच्या घरात जाते. त्यामुळे पुण्या-मुंबईतलं ज्याचं त्याचं ‘लवलेस’ फोनवरच असतं, लोकलमध्ये, कानात. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. गर्दीच्या खडखडाटात हे संगीत विरघळतं आणि तरीही उरतं, ते त्यासाठीच बनल्यासारखं.

फोनवरूनच या कथेचा पुढचा भागही सुरू झाला. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मुलीने इंटरनेटवर सापडलेल्या शूगेझ ट्रॅकवर आपला आवाज चढवला, ‘युअर फेस’ नावाने टाकला, आणि टिकटॉकवर तो पसरला. ती विस्प. मोठ्या लेबलने तिला उचललं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्लोडाइव्हचा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ आला आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. लापशीच्या टबातून सहाव्या क्रमांकावर यायला तीस वर्षं लागली. कार्यक्रमांत पुढच्या रांगेत जी मुलं उभी असतात त्यांतली बरीच ‘सुव्लाकी’ आला तेव्हा जन्मलीही नव्हती.

‘पिग्मॅलियन’ही आता पुन्हा छापलेल्या रेकॉर्डवर मिळतो. मूळ प्रतीच्या मागे लागू नका, नवी घ्या. आणि शील्ड्स? त्याने २०२१ मध्ये दोन नवे अल्बम येतायत असं सांगितलं होतं. पाच दिवसांच्या कामाला अडीच वर्षं लावणारा माणूस आहे तो.